प्रत्यारोपणानंतर (लेखांक ६) : प्रतिकारशक्ती वाढवायची नसते तेव्हा

मागच्या लेखात टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी का मोजतात ते पाहिले. पुढचा प्रश्न त्यातूनच निघतो. मुंबईला, कोल्हापूरला किंवा बांबोळीला मूत्रपिंड प्रत्यारोपण होऊन माणूस कुणकेश्वरला घरी येतो, तेव्हा डायलिसिसने आणि पथ्याने तो खंगलेला असतो. मग घरचे, शेजारचे ताकदीचे काहीतरी सुचवतात : प्रोटीन पावडर, गुळवेलीचा काढा, अश्वगंधाच्या गोळ्या. या मायेत खोट काहीच नाही. पण त्यातल्या बऱ्याच डब्यांवर प्रतिकारशक्ती वाढवण्याचे आश्वासन छापलेले असते, आणि या माणसाला नेमके तेच नको असते. नवे मूत्रपिंड आईने दिलेले असले तरी शरीराच्या लेखी ते परकेच. त्यावर हल्ला होऊ नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन ही औषधे प्रतिकारशक्ती मुद्दाम, मोजूनमापून खाली ठेवतात. ती परत चेतवणारा पदार्थ खरोखरच गुणकारी निघाला, तर तो या उपचाराच्या विरोधातच काम करील.

दुसरा धोका जास्त छुपा आहे. टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन यांचे विघटन आतड्यातले आणि यकृतातले एक विकर करते. सेंट जॉन्स वर्ट ही उदासीनतेवर घेतली जाणारी युरोपीय वनस्पती त्या विकराचे काम वाढवते. हृदय प्रत्यारोपण झालेल्या दोन रुग्णांमध्ये तिच्यामुळे सायक्लोस्पोरिनची पातळी घसरली आणि शरीर नवे हृदय नाकारू लागले, अशी नोंद २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. पपनसाचा परिणाम उलटा. गणपतीच्या माटवीला बांधले जाणारे हे फळ आतड्यातले तेच विकर निकामी करते, औषध रक्तात साठते आणि जे मूत्रपिंड वाचवायचे त्यालाच इजा करते. ‘औषध सकाळी, फळ दुपारी’ ही तोड इथे चालत नाही, कारण नवे विकर तयार व्हायला दोन-तीन दिवस लागू शकतात. पपनस माटवीलाच राहू द्यावे.

यावर रास्त आक्षेप असा, की ही एकेका रुग्णाची उदाहरणे आहेत. मोठे अभ्यास कुठे आहेत? ते फारसे नाहीत, हे खरे. पण अशा अभ्यासासाठी प्रत्यारोपित मूत्रपिंड जाणूनबुजून पणाला लावायला कोण तयार होईल? दुसरा आक्षेप परंपरेचा : हळद, गुळवेल पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. आमटीतल्या चिमूटभर हळदीला कुणाचीच हरकत नाही. रोज चमचे-चमचे हळद खाल्ल्यावर टॅक्रोलिमसची पातळी विषारी झाल्याची नोंद मात्र आहे. गुळवेलीचे म्हणाल, तर २०२० च्या अखेरीस मुंबईतल्या डॉक्टरांना ती घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झालेली दिसली. ती दुसरीच, दिसायला सारखी वेल असावी, असे आयुष मंत्रालयाचे म्हणणे होते. नंतरच्या बहुकेंद्री अभ्यासात तपासलेले नमुने गुळवेलीचेच निघाले, आणि इजेचे स्वरूप शरीराने स्वतःच्याच यकृतावर चाल करावी तसे होते. हे रुग्ण प्रत्यारोपणाचे नव्हते. तरीही जागी झालेली प्रतिकारशक्ती स्वतःच्या अवयवाला सोडत नसेल, तर परक्याचा भरवसा कसा धरावा? आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या त्या अनुभवात टॅक्रोलिमस घेणारा माणूस कुठे होता?

याचा अर्थ पूरके निषिद्ध, असा नाही. टॅक्रोलिमसमुळे मॅग्नेशियम लघवीवाटे निघून जाते, प्रेडनिसोलोन हाडे ठिसूळ करते. म्हणून मॅग्नेशियम, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व अनेकांना डॉक्टरच देतात. फरक एवढाच, की त्यांची मात्रा रक्ताच्या अहवालावरून ठरते. तेच मॅग्नेशियम पित्ताच्या औषधातून मायकोफेनोलेटसोबत पोटात गेले, तर मायकोफेनोलेट कमी शोषले जाते. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेचे ऑक्झलेट बनून मूत्रपिंडात साचू शकते. शहाळ्यात भरपूर पोटॅशियम असते आणि टॅक्रोलिमस ते शरीरात अडवून ठेवते, म्हणून किनाऱ्यावरचे हे सर्वांत साधे पेयही अहवाल पाहूनच. अवयव नाकारला जात असताना बहुधा काही दुखत नाही, क्रिएटिनीन तेवढे चढत जाते. म्हणून काही नवे सुरू करायचे असेल तर आधी प्रत्यारोपण केंद्राला फोन करून डब्यावरचे घटक वाचून दाखवावेत. आधीच सुरू केले असेल तर तेही सांगावे आणि पातळीची तपासणी लवकर करून घ्यावी. त्या दिवशी रक्त देईपर्यंत सकाळची टॅक्रोलिमसची गोळी घ्यायची नसते.