इनामगाव

महाराष्ट्रातील एक प्रसिद्ध ताम्रपाषाणयुगीन स्थळ. ते पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, भीमेची उपनदी घोड हिच्या उजव्या तीरावर वसले आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर प्रभृतींनी १९६८ ते १९८३ या काळात येथील पांढरीच्या टेकाडांचे उत्खनन केले. एका प्राचीन खेड्याचा इतका विस्तृत भाग क्वचितच उघडा करण्यात आला असेल. त्याचा अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला.

वस्तीचे माळवा (सु. इ. स. पू. १६००–१४००), पूर्व जोर्वे (१४००–१०००) व उत्तर जोर्वे (१०००–७००) असे तीन कालखंड पडतात. पूर्व जोर्वे काळात चौकोनी, कुडाच्या भिंतींची घरे ओळीने बांधलेली असत. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे मोठे घर व त्यालगत धान्यकोठार होते; कुंभारादी कारागीर पश्चिमेच्या कडेला राहत. यावरून मोठ्या घरात गावाचा प्रमुख राहत असावा, असे अनुमान करतात. जव हे मुख्य पीक होते. पुराचे पाणी वळविण्यासाठी बांध व पाटही काढलेला आढळला.

येथील धर्मकल्पना विशेष लक्षणीय आहेत. एका घरात कच्च्या मातीची झाकणयुक्त पेटी मिळाली. तीत शिरोहीन स्त्रीमूर्ती होती. तिजबरोबर सापडलेल्या बैलाच्या पाठीला छिद्र असून काडीच्या साहाय्याने स्त्रीमूर्ती त्यावर बसविता येते. ही मातृदेवता असावी, हे बहुतेकांस मान्य आहे. पुढील काळातील शिरोहीन लज्जागौरीशी तिचे साम्य सहज जाणवते. तथापि मधल्या दीर्घ काळातील दुवे सापडल्याशिवाय एकीची परंपरा दुसरीस जोडणे धाडसाचे ठरेल.

मृतांना घराच्या जमिनीखालीच पुरीत. मुलांसाठी दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवीत. प्रौढांना उत्तरेकडे डोके करून निजवीत व त्यांचे पाय घोट्याखाली तोडीत. मृताने घर सोडून जाऊ नये, हा त्यामागील हेतू असावा. याला ठळक अपवाद म्हणजे पाच खोल्यांच्या घराच्या अंगणातील एक प्रौढ पुरुष. चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात त्याला बसवून पुरले होते व त्याचे पाय शाबूत होते.

इ. स. पू. १००० च्या सुमारास हवामान कोरडे होत गेले. शेती खालावली, शिकारीवरील भिस्त वाढली आणि प्रशस्त घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. इ. स. पू. ७०० च्या सुमारास रहिवाशांनी ही वस्ती सोडली.