थोड्या दिवसांची मिशन सेवा : बाणकोटचा धडा आणि आजचे पाहुणे

परदेशातल्या एखाद्या गावात आठवडाभरापासून फार तर वर्षभरापर्यंत राहून तिथल्या लोकांची सेवा करण्यासाठी ख्रिस्ती मंडळ्या आपल्यातले काही जण पाठवतात. या कामाला अल्पकालीन मिशन सेवा म्हणतात. गटात विद्यार्थी असतात, निवृत्त शिक्षक, परिचारिका, डॉक्टर, सुतारकाम जाणणारे असतात. प्रवासखर्च ते स्वतः करतात किंवा मंडळीतून वर्गणी गोळा करतात. शाळेची खोली बांधणे, भिंती रंगवणे, दातांची व डोळ्यांची शिबिरे घेणे, सुट्टीत मुलांचे वर्ग भरवणे आणि कायद्याची मुभा असेल तिथे सुवार्ता सांगणे, अशी त्यांची कामे असतात.

ही पद्धत फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनहून मुंबईला यायला आफ्रिकेला वळसा घालून चार-पाच महिने लागत. असा प्रवास करून येणारा माणूस परतीचा विचार सहसा करत नसे. विमानप्रवास मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला तेव्हा हे चित्र पालटले. १९५७ मध्ये जॉर्ज व्हर्वर हा अमेरिकन विद्यार्थी मित्रांना घेऊन मेक्सिकोला गेला आणि त्यातून पुढे ‘ऑपरेशन मोबिलायझेशन’ उभे राहिले. १९६० मध्ये लॉरेन कनिंगहॅम यांनी ‘यूथ विथ अ मिशन’ सुरू केले. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांच्या अंदाजाप्रमाणे एकट्या अमेरिकेतून वर्षाला सुमारे १६ लाख लोक अशा दौऱ्यांवर परदेशी जात होते.

परक्या देशातले धर्मसेवक गावात येतात, काही काळ राहतात आणि निघून जातात, तेव्हा गावाच्या पदरात काय पडते? रत्नागिरी जिल्ह्याला हा अनुभव दोनशे वर्षांपूर्वीच आला आहे. सावित्री नदीच्या मुखाशी, आजच्या मंडणगड तालुक्यात बाणकोट आहे. दक्षिण कोकणचे सरकारी ठाणे १८२२ मध्ये बाणकोटहून रत्नागिरीला हलले आणि पुढच्याच वर्षी बाणकोटला स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे डोनाल्ड मिचेल येऊन राहिले. ते पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी होते. पेशवाई बुडून पाचच वर्षे झाली होती आणि दख्खनमध्ये धर्मप्रसार होऊ द्यायला मुंबई सरकार राजी नव्हते, म्हणून कोकणचा किनारा निवडला गेला. मिचेल त्याच वर्षी वारले. पण जेम्स मिचेल, अलेक्झांडर क्रॉफर्ड, जॉन कूपर, जॉन स्टीव्हन्सन आणि पुढे रॉबर्ट नेस्बिट हे त्यांचे सहकारी बाणकोट-हर्णैच्या पट्ट्यात राहिले. त्यांनी गावोगावी मराठी शाळा काढल्या. शिकवायला गावातलेच पंतोजी नेमले. वाचन, लेखन आणि हिशेबाबरोबर ख्रिस्ती पुस्तकेही वाचायला दिली.

यांतला कोणीही थोड्या दिवसांच्या बोलीने आला नव्हता, तरी मुक्काम थोडकाच ठरला. १८३० नंतर मिशनचे बळ पुण्यामुंबईकडे सरकले आणि १८३५ मध्ये तो सारा कारभार चर्च ऑफ स्कॉटलंडकडे गेला. कोकणातल्या कामामागे मात्र त्या मिशनने पुन्हा तेवढी ताकद लावली नाही.

त्या काही वर्षांत लाभ कोणाला झाला हे नीट पाहिले पाहिजे. जॉन विल्सन फेब्रुवारी १८२९ मध्ये पत्नी मार्गारेट यांच्यासह मुंबईत उतरले आणि मराठी शिकण्यासाठी त्यांनी हर्णै-बाणकोट गाठले. काही महिन्यांत ते मराठीत बोलू, उपदेश करू लागले. ती शिदोरी घेऊन ते मुंबईला गेले. मार्गारेट यांनी तिथे मुलींच्या शाळा उघडल्या आणि विल्सन यांच्या १८३२ च्या शाळेतून पुढे विल्सन कॉलेज झाले. स्टीव्हन्सन यांचे मराठी व्याकरण १८३३ मध्ये छापून निघाले. म्हणजे कोकणाने या पाहुण्यांना भाषा दिली, माणसांची ओळख दिली, कामाची दिशा दिली. त्याचे फळ दुसऱ्या शहरांना मिळाले आणि कोकणच्या मुलांच्या वाट्याला आधार निघून गेलेल्या शाळा आल्या. पाहुणा घेऊन जातो जास्त आणि ठेवून जातो कमी, हा दोष आजच्या दौऱ्यांतही जसाच्या तसा दिसतो. फरक एवढाच की त्या काळचे पाहुणे आधी भाषा शिकत होते.

जिथे संस्था टिकली तिथली गोष्ट निराळी झाली. दापोलीला एस. पी. जी. या अँग्लिकन मिशनने चालवलेली इंग्रजी शाळा कोकणातल्या गरीब, हुशार मुलांना उपयोगी पडली. भारतरत्न पांडुरंग वामन काणे आणि साने गुरुजी दापोलीच्या मिशन शाळेत शिकले. आल्फ्रेड गॅडने या मिशनऱ्याचे नाव तिथल्या ए. जी. हायस्कूलमध्ये अजून आहे. वेंगुर्ले तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होते. तिथे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर गोहीन यांनी सेंट ल्यूक रुग्णालयात काम केले. त्यांचा मुलगा रॉबर्ट गोहीन १९१९ मध्ये वेंगुर्ल्यात जन्मला, पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ मध्ये अमेरिकेचा राजदूत म्हणून भारतात परतला. मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उघडले आणि इथल्या तरुणांना वैद्यकी शिकवायला सुरुवात केली. त्यांचे हे शिकवणे त्यांनी केलेल्या शस्त्रक्रियांहून मोठे मानावे लागेल.

आजच्या दौऱ्यांवर सर्वांत परखड टीका ख्रिस्ती लोकांनीच केली आहे. इव्हान इलिच हे कॅथलिक धर्मगुरू होते. मेक्सिकोच्या खेड्यांत सेवेला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना त्यांनी १९६८ मध्ये तोंडावर सांगितले की ज्यांची भाषा येत नाही आणि ज्यांचे जगणे ठाऊक नाही त्यांना मदत करायला जाऊ नका. पाहायला आणि शिकायला खुशाल जा. १९९८ च्या ‘मिच’ चक्रीवादळानंतर होंडुरासमध्ये उत्तर अमेरिकेतल्या गटांनी घरे बांधली. कर्ट व्हर बीक या अभ्यासकाने पाहिले तेव्हा विमानभाडे धरून एका घरामागे सुमारे ३०,००० डॉलर पडले होते. स्थानिक संस्था तसेच घर २,००० डॉलरमध्ये उभे करत होती. दौऱ्यानंतर आपण अधिक दान देऊ लागलो असे पाहुण्यांना वाटत होते, पण प्रत्यक्ष देणग्यांत तो बदल फारसा आढळला नाही. स्टीव्ह कॉर्बेट आणि ब्रायन फिकर्ट या ख्रिस्ती लेखकांनी २००९ च्या पुस्तकात मदतीचे तीन टप्पे वेगळे केले: संकटातली तातडीची मदत, सावरण्यासाठीची मदत आणि दीर्घकाळचा विकास. चुकीच्या टप्प्यावर चुकीची मदत केली तर ती माणसाला दुबळे करते, असे त्यांचे म्हणणे आहे.

रत्नागिरीकराला हा भेद समजावून सांगावा लागत नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळुणात घराघरांत आणि दुकानांत चिखल साचला होता. तो उपसायला राज्यभरातून माणसे आली. त्या वेळी फावडे धरणारा हात कोणाचा, तो किती दिवस राहणार, हा प्रश्नच नव्हता. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने मंडणगड-दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, तिथले दुःख मात्र वेगळ्या जातीचे होते. पडलेली झाडे तोडून वाडी साफ करायला आठ दिवसांचा स्वयंसेवक चालतो. नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. तोवर बागायतदाराला रोपे, पाणी, कर्ज आणि सल्ला पुरवणारे कोणी तरी इथेच, गावात असावे लागते.

थोड्या दिवसांच्या पाहुण्याला खरे उपयोगी कसे करून घ्यावे, याचा उत्तम नमुना अहिल्यानगर (पूर्वीचे नगर) जिल्ह्यातल्या जामखेडला आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० मध्ये तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्या, बहुधा निरक्षर आणि अनेकदा दलित समाजातल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. १९७१ च्या सुमारास तिथे हजार जन्मांमागे १७६ बाळे दगावत होती. दोन दशकांनी हा आकडा तिसाच्या खाली आला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. देशोदेशीचे डॉक्टर आणि विद्यार्थी जामखेडला येतात ते शिकायला, आणि शिकवणाऱ्यांत या आरोग्यसेविका असतात. इथे काम गावाचे आहे आणि पाहुणा गावाच्या हाताखाली आहे.

भारतात कायद्याची चौकटही कडक आहे. पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी व्यक्तीला देवळात किंवा चर्चमध्ये जाता येते, प्रवचन ऐकता येते. धर्मप्रचार करता येत नाही. मिशनऱ्यांसाठी व्हिसाचा वेगळा प्रकार आहे. परदेशी डॉक्टरला रुग्ण तपासण्यासाठी वैद्यक आयोगाची तात्पुरती नोंदणी लागते. परदेशी पैसा परकीय देणगी नियमन कायद्याखाली नोंदलेल्या किंवा पूर्वपरवानगी मिळालेल्या संस्थेलाच घेता येतो, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. या कडकपणामागे जुना संशय आहे. मध्य प्रदेश सरकारने १९५४ मध्ये नेमलेल्या नियोगी समितीने शाळा-दवाखान्यांच्या आडून धर्मांतर होते का याची चौकशी केली होती, आणि विदर्भ तेव्हा त्याच राज्यात होता. म्हणून भुकेल्याला धान्य देताना किंवा आजाऱ्याला औषध देताना त्याच्या श्रद्धेची अट कोणीही घालू नये. ही अट ख्रिस्ताच्या शिकवणीतही बसत नाही.

कोकणातल्या एखाद्या मंडळीकडे, शाळेकडे किंवा दवाखान्याकडे परदेशी गटाचे पत्र आले तर काही गोष्टी आधी लेखी ठरवून घ्याव्यात. काम कोणते, हे गावाने सांगावे. गवंडी आणि सुतार गावातलेच घ्यावेत, त्यांची मजुरी पाहुण्यांच्या हौसेपायी बुडू नये. मुलांचे फोटो पालकांच्या संमतीशिवाय काढू नयेत. अनाथ मुलांच्या वसतिगृहात पंधरा दिवस लळा लावून निघून जाणारे पाहुणे घेऊच नयेत, कारण तुटण्याचे दुःख त्या मुलांना आधीच झालेले असते. डोळ्यांची शिबिरे घेणाऱ्या गटाला तर एक प्रश्न अवश्य विचारावा: विमान गेल्यावर शस्त्रक्रिया झालेल्या आजीचा डोळा लाल झाला, तर ती कोणत्या डॉक्टरकडे जाईल आणि पैसे कोण देईल? ज्या गटाकडे याचे उत्तर नसेल, त्याला नम्रपणे पण स्पष्ट नकार कळवावा.