कसोटी आणि टी-ट्वेंटी: गड्याची किंमत, चेंडूची किंमत

कसोटी असो वा टी-ट्वेंटी, एका डावात संघाकडे दहाच गडी असतात. फरक आहे तो चेंडूंच्या संख्येत. टी-ट्वेंटीचा डाव 20 षटकांचा, म्हणजे 120 चेंडूंचा असतो. कसोटीच्या डावाला षटकांचे बंधन नसते. सामन्याला पाच दिवसांचे असते. म्हणून कसोटीत गडी मोलाचा, तर टी-ट्वेंटीत चेंडू.

बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावरील दोन डावांतून हे स्पष्ट होते. मार्च 1987 मध्ये पाकिस्तानविरुद्ध भारताला विजयासाठी 221 धावा हव्या होत्या. खेळपट्टीवर चेंडू हातभर वळत होता. सुनील गावसकरांनी आपल्या अखेरच्या कसोटी डावात 264 चेंडूंत 96 धावा केल्या. इतर एकाही फलंदाजाला तिशी गाठता आली नाही. भारत 16 धावांनी हरला. याच मैदानावर 18 एप्रिल 2008 रोजी, आयपीएलच्या पहिल्या सामन्यात, कोलकात्याच्या ब्रेंडन मॅक्युलमने 73 चेंडूंत नाबाद 158 धावा फटकावल्या. बंगळुरूचा संघ 140 धावांनी हरला.

शंभर चेंडूंमागे गावसकरांच्या धावा सुमारे 36, मॅक्युलमच्या 216. पण एवढ्यावरून श्रेष्ठत्व ठरत नाही. कसोटीत सोडून दिलेला चेंडू गडी राखतो. टी-ट्वेंटीत तोच चेंडू वाया जातो. गोलंदाजाचेही तसेच. टी-ट्वेंटीत त्याला जास्तीत जास्त चार षटके मिळतात. कसोटीत तो षटकामागून षटक टाकून फलंदाजाच्या संयमाची परीक्षा पाहू शकतो. म्हणून धावगती पाहण्याआधी विचारावे: त्या डावात जपायचे काय होते, गडी की चेंडू?