नीत्शे आणि त्याच्यावर लादलेला नीत्शे

फ्रीडरिश नीत्शेचं नाव निघालं की पाठोपाठ हिटलरचं नाव येतं. ‘नाझींचा तत्त्वज्ञ’ हा त्याच्यावरचा सर्वांत चिवट शिक्का, म्हणून आधी तोच तपासू.

जानेवारी १८८९मध्ये इटलीतल्या तुरिन शहरात नीत्शे कोसळला. त्यानंतरची अकरा वर्षं त्याची बुद्धी परत आली नाही आणि २५ ऑगस्ट १९०० रोजी वायमारमध्ये तो वारला. नाझी पक्षाला तेव्हा वीस वर्षांचा अवकाश होता. जर्मन राष्ट्रवादाचा त्याला तिटकारा होता. १८६९मध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी, तो स्वित्झर्लंडमधल्या बासेल विद्यापीठात प्राध्यापक झाला, तेव्हा त्याने प्रशियाचं नागरिकत्व सोडलं आणि पुढे कोणत्याच देशाचं घेतलं नाही. ज्यूद्वेष्ट्यांबद्दल तर तो आणखी कडवट होता. १८८६च्या ‘बियाँड गुड अँड ईव्हिल’मध्ये, आरडाओरडा करणाऱ्या ज्यूद्वेष्ट्यांनाच देशाबाहेर काढावं, असं त्याने सुचवलं आहे.

मग हा शिक्का बसला कसा? बराचसा त्याच्या बहिणीमुळे. एलिझाबेथने १८८५मध्ये बर्नहार्ड फर्स्टर या कडव्या ज्यूद्वेष्ट्या प्रचारकाशी लग्न केलं. भावाला हा संबंध मुळीच रुचला नव्हता. ‘शुद्ध’ जर्मनांची वसाहत उभारायला हे जोडपं थेट पॅराग्वेला गेलं. वसाहत डबघाईला आली, १८८९मध्ये फर्स्टरने आत्महत्या केली आणि १८९३मध्ये एलिझाबेथ कायमची मायदेशी परतली. घरी भाऊ असाहाय्य अवस्थेत होता आणि त्याच्या वह्यांचे ढीग पडून होते. १८९४मध्ये तिने नीत्शे अभिलेखागार उभं केलं. ‘द विल टू पॉवर’ या नावाचा ग्रंथ लिहायचा बेत नीत्शेने १८८८मध्ये सोडून दिला होता. त्याच्या टिपणांतून निवडून, आपल्या मनासारखी जुळवाजुळव करून १९०१मध्ये तिने त्याच नावाचं पुस्तक बाहेर काढलं, १९०६मध्ये ते आणखी फुगवलं आणि भावाचा मुख्य ग्रंथ म्हणून मिरवलं. नीत्शेने आईला लिहिलेली पत्रं आपल्याला लिहिली आहेत असं दाखवण्यापर्यंत तिची मजल गेली होती. १९३५मध्ये ती वारली, तेव्हा अंत्यविधीला हिटलर स्वतः हजर होता. पत्रांतली लबाडी अभ्यासक कार्ल श्लेख्टाने १९५०च्या दशकात उघडी पाडली. पुढे कोली आणि माँतिनारी या दोघा इटालियन अभ्यासकांनी मूळ हस्तलिखितांवरून विश्वासार्ह आवृत्ती सिद्ध केली.

‘देव मेला’ ही त्याची विजयघोषणा, हा दुसरा गैरसमज. १८८२च्या ‘द गे सायन्स’मधला तो प्रसंग मुळातून वाचावा. भर दिवसा कंदील घेऊन एक वेडा बाजारात येतो आणि देवाला शोधतो. त्याला हसणारे लोक नास्तिकच आहेत. आपण काय गमावलं याची त्यांना कल्पनाच नाही, आणि त्या वेड्याला भय वाटतं ते याचंच. श्रद्धेचा पाया गेल्यावर नीती कशावर उभी राहणार, ही नीत्शेची खरी चिंता होती. त्याला शून्यवादी म्हणणं म्हणजे निदान करणाऱ्यालाच रोगी ठरवणं होय.

वेडाच्या भरात त्याने पुस्तकं लिहिली, असंही म्हणतात. त्याने प्रसिद्धीसाठी तयार केलेली सगळी पुस्तकं कोसळण्याच्या आधीची आहेत. आजार उपदंशाचा होता, हे निदानही आज वादातीत मानलं जात नाही.

पण बहिणीच्या माथी सगळं मारून मोकळं होता येत नाही. समतेचा तिरस्कार, लोकशाहीबद्दलची तुच्छता, स्त्रियांबद्दलची कडू वाक्यं त्याची स्वतःची आहेत. १८८८मध्ये त्याच्या हाती जाकोल्योचं मनुस्मृतीचं फ्रेंच भाषांतर पडलं. ते बेभरवशाचं होतं, आणि त्यावर विसंबून ‘द अँटिख्राइस्ट’मध्ये त्याने बायबलपेक्षा मनूला वरचं स्थान दिलं. चांडाळांवरच्या निर्बंधांचं क्रौर्य त्याला दिसत होतं, तरी श्रेणीबद्ध समाजाचं कौतुक त्याने सोडलं नाही.

इथे बाबासाहेब आंबेडकरांचं ‘फिलॉसॉफी ऑफ हिंदुइझम’ वाचायला हवं. त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेल्या या लेखनात बाबासाहेबांनी नीत्शेला सूट दिली नाही. त्याच्या पुस्तकातला जरथुस्त्र म्हणजे मनूचंच नवं नाव, असा थेट निष्कर्ष काढला. आणि तरीही त्यांनी एक फरक नोंदवला: नीत्शेला माणसाची खरोखरच नवी, वरची जात घडवायची होती, तर मनूला स्वतःला श्रेष्ठ म्हणवणाऱ्या एका वर्गाचे हक्क राखायचे होते. माझ्या मते नीत्शेचा इतका कठोर आणि इतका न्याय्य हिशेब फार थोड्यांनी मांडला आहे.