‘दोन शब्द बोला’ : आयत्या वेळच्या भाषणाचा सराव

संघाची सभा असो, व्यापारी मंडळाची बैठक असो वा एखाद्या तपस्वीच्या बहुमानाचा प्रसंग असो. सूत्रसंचालक अकस्मात आपल्याकडे वळून ‘आता आपण दोन शब्द बोलावेत’ असे म्हणतो आणि दिवसभर गिऱ्हाइकांशी अखंड बोलणाऱ्या माणसाची वाणी थबकते. पेढीवर बसून भाव, वायदा आणि उधारी यांविषयी तासन्‌तास न अडखळता बोलणारे आपले कित्येक बंधू ‘माझ्या आधीच्या वक्त्यांनी सर्व सांगितलेच आहे’ एवढे म्हणून खाली बसतात. भगिनींची तर पुष्कळदा उठून उभे राहण्याचीही तयारी नसते.

पनवेलमध्ये ही उणीव आता अधिक जाणवते. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली आणि जुन्या गावाबरोबर नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर या वसाहती एका कारभाराखाली आल्या. कर, परवाने, बाजारपेठेतील रस्ते आणि वाहने उभी करण्याची जागा यांवर आता मोठ्या सभांतून चर्चा होते. आपल्या अनेक घरांत गुजराती, मारवाडी वा कच्छी बोलली जाते. गिऱ्हाइकाशी मराठी सहज बोलली जाते, परंतु सभेत उभे राहून मराठीत मुद्दा मांडायचा म्हटले की शब्द सापडत नाहीत. जो गप्प राहिला, त्याची अडचण सभेच्या इतिवृत्तात येत नाही आणि निर्णय त्याच्यावाचून होतो.

महाराष्ट्राला व्याख्यानांची थोर परंपरा आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला आजही चालू आहे. परंतु ते तयारीने केलेले भाषण. आयत्या वेळी बोलण्याची कला महाविद्यालयांच्या उत्स्फूर्त वक्तृत्व स्पर्धांपुरती राहिली आणि शिक्षण संपताच तिचा सरावही संपला. अमेरिकेत राल्फ स्मेडली यांनी २२ ऑक्टोबर १९२४ रोजी कॅलिफोर्नियातील सांता ॲना येथे जी वक्तृत्व-मंडळी जमवली, तिच्यातून टोस्टमास्टर्स ही आज जगभर पसरलेली संस्था उभी राहिली. तिच्या बैठकीत ‘टेबल टॉपिक्स’ नावाचा एक भाग असतो. विषय त्याच क्षणी कळतो आणि एक ते दोन मिनिटे बोलायचे असते. एका मिनिटाला हिरवा, दीड मिनिटाला पिवळा आणि दोन मिनिटांना लाल दिवा लागतो. एवढ्या साध्या नियमावर हजारो संकोची माणसे बोलती झाली आहेत.

आपल्या समाजापुढे तर याहून जुने उदाहरण आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकलेले वीरचंद राघवजी गांधी १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत जैन धर्माचे प्रतिनिधी म्हणून गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे २९ वर्षांचे होते. परिषदेत पेंटेकॉस्ट नावाच्या एका पाद्र्यांनी हिंदू समाजाच्या नीतिमत्तेवर कठोर टीका केली. ती टीका जैन धर्मावर नव्हती. वीरचंदभाई गप्प राहिले असते तरी कोणी दोष दिला नसता. परंतु आपला ठरलेला निबंध मांडण्यापूर्वी त्यांनी त्या टीकेला शांतपणे उत्तर दिले आणि आपल्या देशबांधवांची बाजू घेतली. ते उत्तर घरून लिहून आणणे शक्यच नव्हते. अभ्यास पक्का आणि मन स्थिर असल्यामुळे ते देता आले.

काही ज्येष्ठांना येथे शंका येईल की विचार न करता बोलण्यापेक्षा मौन बरे. शंका योग्य आहे. भाषासमिती आपल्याला जपून बोलायला सांगते. श्रावकाच्या सत्य अणुव्रताचे जे अतिचार उपासकदशांगात सांगितले आहेत, त्यांत पहिलाच ‘सहसाभ्याख्यान’, म्हणजे अविचाराने एकदम कोणावर आरोप करणे, हा आहे. घाईत तोंडून गेलेला शब्द व्रताला डाग लावतो, हे आपल्या पूर्वाचार्यांनी ओळखले होते. मात्र स्वेच्छेने धरलेले मौन ही साधना, तर भीतीने आलेले मौन ही केवळ असमर्थता. आयत्या वेळी बोलण्याचा सराव म्हणजे प्रश्न आणि उत्तर यांच्यामधल्या चार-पाच श्वासांत विवेक जागा ठेवण्याचा सराव होय. ज्याला ही सवय झाली, त्याच्या हातून सहसाभ्याख्यान घडण्याचा संभव उलट कमी होतो.

पुढील उपक्रम दहा-बारा जणांच्या मंडळात, एका तासात सहज घेता येतील.

चिठ्ठीचा विषय : उधारी, पावती, वजनकाटा, पहिली कमाई, सासरचा पहिला दिवस असे ओळखीचे विषय चिठ्ठ्यांवर लिहावेत. अर्धा मिनिट विचार आणि दोन मिनिटे भाषण. क्रम सुचत नसेल तर ‘काल, आज, उद्या’ हा धागा धरावा. उदाहरणार्थ, ‘पावती’ : पूर्वी शब्दावर व्यवहार होई, आज जीएसटीमुळे पक्के बिल लागते, उद्या कागद राहणार नाही, पण शब्दाची किंमत राहिली पाहिजे. तीन वाक्यांचा सांगाडा मिळाला की दोन मिनिटे भरतात.

हातातील वस्तू : दुकानातील कात्री, जुने पितळी माप, रोजमेळाची वही यांपैकी एक वस्तू हाती द्यावी. तिचा उपयोग, तिच्याशी जोडलेली एक आठवण आणि तिच्याकडून घेण्यासारखी एक गोष्ट सांगावी. ज्येष्ठ मंडळी या उपक्रमात सर्वाधिक खुलतात.

जयंतीचा प्रश्न : भगवतीसूत्रात कौशांबीची श्राविका जयंती भगवान महावीरांना विचारते की जीवाने झोपलेले चांगले की जागे असलेले? भगवान सांगतात, अधर्माने वागणाऱ्याचे झोपणे चांगले, धर्माने वागणाऱ्याचे जागणे चांगले. अनेकांताचा हा वस्तुपाठच आहे. ‘उधारीवर माल द्यावा का?’, ‘मुलाने पेढी सांभाळावी की नोकरी करावी?’ असा प्रश्न घ्यावा. एक मिनिट एका बाजूने, एक मिनिट दुसऱ्या बाजूने आणि शेवटचा अर्धा मिनिट ‘कोणासाठी, कोणत्या परिस्थितीत’ हे सांगण्यासाठी ठेवावा.

रागावलेले गिऱ्हाईक : एकाने तक्रार करावी, दुसऱ्याने उत्तर द्यावे. अट एकच, खोटे आश्वासन द्यायचे नाही. ‘हे मला आत्ता ठाऊक नाही, चौकशी करून उद्या सांगतो’ या उत्तराला पूर्ण गुण द्यावेत.

गुणानुवाद : उपस्थितांपैकी एकाचे नाव निघेल. त्याच्याविषयी दीड मिनिट बोलावे. मात्र स्वतः पाहिलेलेच सांगावे, ऐकीव नको.

नियम थोडेच, पण पक्के असावेत. वेळ दाखवण्यासाठी हिरवे, पिवळे, लाल पुठ्ठे पुरतात. ‘म्हणजे’, ‘बरं का’, ‘ॲक्चुअली’ असे अडखळीचे शब्द एकाने मोजावेत. अभिप्राय देताना आधी जे साधले ते सांगावे, मग सुधारणा एकच सुचवावी. बोलणाऱ्याला हसू नये. हशा मिळवण्यासाठी घरातील वा व्यवहारातील गुप्त गोष्ट काढू नये. सत्यव्रताच्या अतिचारांत तिचाही समावेश आहे. चुकीची माहिती तोंडून गेली तर तेथेच ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणून ती दुरुस्त करावी. सासू-सुना, पिता-पुत्र एकाच मंडळात असतील तर घरातील मोठ्यांनी आधी बोलावे. मोठे चुकताना दिसले की लहानांची भीड चेपते.

चातुर्मासात आपली कुटुंबे तशीही वारंवार एकत्र येतात. त्यांतील एका रविवारचा एक तास यासाठी काढला, तर पुढच्या पर्युषणात अनुभव सांगायला उठणाऱ्यांत काही नवे चेहरे दिसतील. पेढीवरच्या गल्ल्यामागे बसून ज्यांनी आजवर केवळ हिशोब मांडला, ते बंधू आणि स्वयंपाकघरातून सर्व काही ऐकणाऱ्या भगिनी सभेत उभ्या राहून आपले म्हणणे हित, मित आणि प्रिय शब्दांत मांडू लागतील, तेव्हा त्याचा लाभ त्यांच्याइतकाच संघालाही होईल.