सापाचा भाव

पहाटे साडेपाच

मृगाचा पाऊस पडला की टेंभुर्णीत माझा फोन उजाडायच्या आधी वाजतो. आज वस्तीवरच्या गोठ्यातून बोलावणं आलं. "मामा, कुटाराच्या खोलीत लांबडं जनावर घुसलंय, लवकर या." गेलो तर धामण. उंदरांच्या मागावर आलेली, अंगानं चांगली भरलेली. घरधन्याला ती मारायची नव्हती, फक्त खोलीतून बाहेर काढून हवी होती. पूर्वी अशा वेळी आधी काठी निघायची, म्हणून मला या बदलाचं फार समाधान वाटतं. धामण पिशवीत जात असताना घरातल्या पोरानं विचारलं, "हिचे किती येतात?"

सर्पमित्राला हा प्रश्न कुठेही विचारला जातो. मी त्याला सांगितलं, हिचे काही येत नाहीत, पण तुझ्या कोठीतलं धान्य हीच वाचवते.

सकाळी सात

धामण त्याच शिवारातल्या ओढ्याकाठी सोडली. साप फार दूर नेऊन सोडला तर त्याला बीळ, पाणी, भक्ष्य यांतलं काही ठाऊक नसतं आणि बरेचदा तो जगत नाही. वहीत जात, अंदाजे लांबी, पकडल्याची आणि सोडल्याची जागा लिहिली आणि तोच मजकूर वनरक्षकांना पाठवला.

एकेकाळी धामणीला खरोखरच भाव होता. तिच्या कातड्याचे पट्टे आणि पर्सा होऊन परदेशी जात. 1976 साली सापाच्या कातड्याच्या निर्यातीवर बंदी आली आणि तमिळनाडूतल्या इरुळा लोकांचं उत्पन्नच गेलं. मग 1978 साली त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. ते परवान्यानं साप पकडतात, विष काढतात आणि ठरावीक काळानं साप परत रानात सोडतात. तिथे विकलं जातं ते विष. आपल्याकडे सापाच्या जिवावर मिळवलेला मला पटणारा पैसा तो एवढाच.

सकाळी नऊ

माजघरात एका डब्यात ओलसर कोकोपीटवर नागाची अंडी ठेवली आहेत. एका घराचा पाया खणताना ती उघडी पडली होती. वन विभागाला कळवून ती उबवायला माझ्याकडे ठेवली. नागाच्या अंड्यांना साधारण दोन महिने लागतात. रोज ओल तपासायची, बुरशी बघायची, अंडं ज्या बाजूनं ठेवलंय तिच्यावरून फिरू द्यायचं नाही. पिल्लं निघाली की पंचनामा करून सोडायची.

माझ्या घरात उबवली म्हणून ती पिल्लं माझी होत नाहीत. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 चं कलम 39 सांगतं की कायदा मोडून पकडलेला, पाळलेला किंवा बंदिस्त जागेत पैदा केलेला वन्यप्राणीही सरकारच्या मालकीचा असतो. "आम्ही पकडला नाही, घरीच जन्मला" हा बचाव देशी सापाला चालत नाही. 2022 च्या दुरुस्तीनंतर नाग, घोणस आणि धामण पहिल्या अनुसूचीत आहेत. तिथल्या गुन्ह्याला किमान तीन वर्षं कैद आणि किमान 25,000 रुपये दंड आहे.

सकाळी अकरा

अनोळखी नंबर. "भाऊ, दोन तोंड्या हाय का? पार्टी तयार हाय. वजन सांगा फक्त."

मांडूळ. बिचारा बिनविषारी, मातीत राहणारा, उंदीर खाऊन जगणारा साप. शेपूट बोथट, डोक्यासारखी दिसते, एवढंच त्याचं नशीब खोटं. गुप्तधन सापडतं, असाध्य आजार बरा होतो अशा थापांवर त्याचा बाजार चालतो आणि भाव वजनावर ठरतो. वजन वाढवायला त्याच्या तोंडातून धातूच्या गोळ्या घातल्याचंही उघडकीस आलेलं आहे. घेणारा फसतो एवढ्यावर हे थांबत नाही. वाईट हे की खरेदीदार बहुधा नसतोच. मधल्या माणसांची साखळी एकमेकांकडून आगाऊ पैसे काढत राहते आणि तोवर मांडूळ पोत्यात मरतं. मी नंबर वनरक्षकांना दिला. असा फोन नुसता कापून टाकला तर तो माणूस पुढच्या गावात विचारतो.

दुपारी तीन

आज भाच्याचा मित्र आला. शिकलेला, तालुक्याला मोबाईलचं काम करणारा. "मामा, धंद्याचं बोलायचंय. बॉल पायथन पाळीन म्हणतो. परदेशी साप, आपल्या रानातला नाही. पिल्लं विकीन. भाव कसा धरू?"

त्याला हाकलून द्यावं असं मला वाटलं नाही. प्रश्न सरळ होता, म्हणून वही काढली आणि आम्ही संध्याकाळपर्यंत बसलो.

पहिलं कागद. बॉल पायथन पश्चिम आफ्रिकेतला. घाना, टोगो, बेनिन इथून त्याचा मोठा व्यापार झाला. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळे तो आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येतो. 2020 साली केंद्रानं अशा परदेशी प्राण्यांची स्वेच्छेनं माहिती देण्याची सवलत दिली होती. फेब्रुवारी 2024 च्या नियमांनी परिवेश पोर्टलवर नोंदणी सक्तीची केली. जन्म, मृत्यू, हस्तांतर, सगळं कळवायचं. "मग तुझी पहिली जोडी कुणाकडून येणार? त्याच्याकडे नोंदणी आहे का?" तो गप्प झाला. मुंबई आणि चेन्नई विमानतळांवर बँकॉकच्या प्रवाशांच्या बॅगांतून हेच साप पुन्हा पुन्हा पकडले जातात. बिनकागदाची जोडी स्वस्त मिळते ती यामुळेच. तिची पिल्लं कितीही निगुतीनं वाढव, विकताना तू चोरीचा मालच विकतोस.

दुसरं वेळ. मादी अंड्यावर यायला साधारण तीन वर्षं, वजन दीड किलोच्या आसपास. अंडी थोडी, बहुतेकदा पाच-सहा, आणि दरवर्षी देईलच असं नाही. ती 31-32 अंश सेल्सिअसला सुमारे दोन महिने उबवायची. थंड मुलखात लोक यासाठी हीटर लावतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, म्हणजे गार ठेवायचा खर्च. लाइट गेली की इन्व्हर्टर. हे सगळं पिल्लाच्या भावात धरायचं. पोरानं फक्त उंदरांचा खर्च धरला होता.

तिसरं रंग, आणि इथे तो खुलला. फोनवर पांढरे-पिवळे अल्बिनो बघून तो या धंद्याकडे वळला होता. अमेरिकेत 1992 साली बंदिस्त पैदाशीतला पहिला अल्बिनो बॉल पायथन निघाला तेव्हा असे साप हजारो डॉलरला जात. मग प्रत्येकानं तीच पैदास केली आणि भाव कोसळला. आपल्याकडच्या कांद्यासारखंच. आज महाग दिसणारा रंग तुझी मादी वयात येईपर्यंत महाग राहील, असं गृहीत धरू नकोस.

शिवाय अल्बिनोचा गुण दबून राहणारा असतो. तो अंगात वाहणारी, पण साधी दिसणारी जोडी लावली तर सरासरी पाव पिल्लं पांढरी होतात. उरलेल्या साध्या पिल्लांपैकी दोन-तृतीयांशांत तो गुण दडलेला असण्याची शक्यता असते. कोणत्या, ते बघून कळत नाही. प्रत्येक साधं पिल्लू "गुण नक्की आहे" म्हणून चढ्या भावानं विकणारे असतात. घेणाऱ्याला ही फसवणूक तीन वर्षांनी कळते. "तू शक्यता म्हणून सांग, शक्यतेचाच भाव घे."

त्यानं बॉल पायथनच्या 'स्पायडर' प्रकाराचं चित्र दाखवलं. नक्षी देखणी, पण त्या गुणाबरोबर मज्जासंस्थेचा दोष येतो, डोकं डोलतं, तोल जातो. ब्रिटनच्या इंटरनॅशनल हर्पेटोलॉजिकल सोसायटीनं 2018 पासून आपल्या प्रदर्शनांत त्याची विक्री बंद केली. असा साप कुणी कितीही देत असला तरी पैदा करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटी त्यानं मला विचारलं. "तुम्हाला हे पटतंय का पण?"

साप हा घरात डब्यात ठेवायचा जीव आहे असं मला वाटत नाही. तरी बंदिस्त जन्मलेल्या, नोंद असलेल्या सापाचा उघड भाव असण्यापेक्षा मला भीती आहे ती वेगळ्याच गोष्टीची. गावात एक साप वीस हजाराला गेला ही बातमी फिरली की उद्या कुटाराच्या खोलीतली धामण, बांधावरचं मांडूळ, सगळ्यांकडे पोरं त्याच नजरेनं बघतील. म्हणून त्याला अट घातली. धंदा करायचाच असेल तर गावात भाव सांगत फिरायचं नाही, आणि देशी सापाबद्दल विचारणाऱ्याला त्याच क्षणी वनरक्षकांचा नंबर द्यायचा.

रात्री नऊ

पुन्हा बोलावणं. सोयाबीनच्या पोत्यांमागे घोणशीची पिल्लं. घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देते, आणि हाच तिचा हंगाम. पिल्लू वीतभर असलं तरी विष पुरेपूर असतं, म्हणून आधी सगळ्यांना अंगणात उभं केलं, मग टॉर्च आणि चिमट्यानं एकेक पोतं. चावलाच कुणाला तर मांत्रिक नाही, बांधणं-कापणं नाही, सरळ सरकारी दवाखाना. हे निघताना पुन्हा सांगितलं.

घरी आलो तर भाच्याच्या मित्राचा निरोप होता. "मामा, समजा कागद झाले, तीन वर्षं थांबलो, पिल्लं निघाली. मग किती दिवसांचं पिल्लू विकू?"

उत्तर लिहिलं. दिवस मोजू नकोस. पहिली कात टाकू दे, मग चार-पाच वेळा स्वतःहून खाऊ दे. बॉल पायथनची पिल्लं हट्टानं उपाशी राहतात, न खाणारं पिल्लू नवख्याच्या गळ्यात मारायचं नाही. कधी, काय खाल्लं, वजन किती, हा तक्ता नोंदणीच्या कागदांसोबत दे. घेणाऱ्याला हा साप वीस वर्षांहून जास्त जगू शकतो हे आधी सांग. ऐकून तो मागे सरला तर सरू दे. आणि कधी नकोसा झाला तर रानात सोडू नका, मला परत द्या, हे पावतीवर छाप.