अर्भकाच्या मेंदूची कैफियत

ज्याला आपले दुःख अजून शब्दांत मांडता येत नाही, आणि ज्याचे दुःख डोळ्यांसमोर घडत असूनही घरातल्या जाणत्या माणसांना ते दुःख वाटत नाही, अशा पाच-सहा महिन्यांच्या अर्भकाची कैफियत नोंदवून घेणारे एक यंत्र आपल्याकडील बऱ्याच मोठ्या रुग्णालयांत एखाद्या मंद उजेडाच्या खोलीत ठेवलेले असते. मेंदूतील विद्युत्-लहरींचा आलेख काढणारे हे यंत्र सर्वत्र ‘ईईजी’ या नावाने परिचित आहे. अपस्माराच्या बहुतेक प्रकारांत त्याचे साहाय्य होते. तथापि वयाच्या पहिल्या वर्षात उद्भवणाऱ्या ‘इन्फंटाइल स्पाझम’ या विकारात त्याची योग्यता जशी प्रत्ययास येते, तशी अन्यत्र क्वचितच येत असेल.

फिट म्हटली म्हणजे तोंडाला फेस, फिरलेले डोळे आणि ताठरलेले अंग असे जे चित्र आपल्यापुढे उभे राहते, त्याचा या विकारात मागमूसही नसतो. मूल झोपेतून जागे होते, एकाएकी त्याची मान पुढे झुकते, दोन्ही हात बाजूंना फेकले जातात, पाय पोटाशी येतात. एक-दोन सेकंदांत अंग सैल पडते, काही क्षण जातात आणि तीच हालचाल पुन्हा होते, पुन्हा होते, कधी दहा-वीस वेळा, कधी त्याहूनही अधिक. मग मूल रडू लागते. आजी म्हणते, पोटात मुरडा आला; शेजारीण म्हणते, बाळ दचकतंय, दृष्ट काढा; आणि ओव्याचे पाणी, हिंगाचा लेप, ग्राइप वॉटर असे इलाज होता होता आठवडे निघून जातात. यात कोणास दोष देणे अन्यायाचे होईल, कारण दचकणे आणि मुरडा या दोन्ही गोष्टी त्या वयात खरोखरच असतात. परंतु दचकण्याला आवाज, धक्का असे काही निमित्त लागते. हे झटके निमित्तावाचून येतात आणि मालिकेने येतात. शिवाय हसू लागलेले मूल हसेनासे होते, आईच्या चेहऱ्यावर नजर ठरवीनासे होते, धरलेली मान पुन्हा ढळू लागते. झटक्यांहूनही ही माघार मला अधिक भयंकर वाटते.

या विकाराची पहिली तपशीलवार नोंद एका पित्याने केली आहे. इंग्लंडमध्ये केंट परगण्यातील टनब्रिज येथे वैद्यकी करणारे विल्यम जेम्स वेस्ट यांनी १८४१ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकास पत्र लिहिले आणि स्वतःच्या, जेमतेम वर्षाच्या मुलाची हकिकत व्यवसायबंधूंपुढे ठेवली. चार महिन्यांपर्यंत निरोगी असलेले हे मूल पुढे वाकू लागले, वाकण्याच्या या आवर्तनांची संख्या वाढत गेली, आणि जळवा, कॅलोमेल, अफू, हिरड्यांना छेद हे त्या काळचे सर्व उपाय करूनही गुण आला नाही. लंडनच्या ज्या वैद्यश्रेष्ठाचा सल्ला त्यांनी घेतला, त्या सर चार्ल्स क्लार्क यांनी अशा झटक्यांना ‘सलाम’ झटके म्हटले होते. वेस्ट यांनी त्या पत्रात आपल्या मुलाचे हळूहळू मंदावत जाणारे मन आणि त्याचे झटके यांचे जे वर्णन केले आहे, ते इतके नेमके आहे की विकाराला पुढे त्यांचेच नाव मिळाले. त्यांच्याजवळ निरीक्षण होते. कवटीच्या आत पाहण्याचे साधन मात्र नव्हते.

ते साधन यावयास मुदत लागली. जर्मनीत येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूच्या लहरी प्रथम टिपल्या आणि १९२९ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. अनेकांनी प्रथम त्यावर विश्वास ठेवला नाही. पुढे अमेरिकेत फ्रेडरिक आणि एर्ना गिब्स या दांपत्याने असंख्य आलेख गोळा करून जो बृहद् संग्रह सिद्ध केला, त्याच्या १९५२ मधील खंडात या अर्भकांच्या आलेखाला ‘हिप्सॅरिदमिया’ हे नाव दिले.

आता प्रत्यक्ष खोलीत जावे. मेंदूच्या पृष्ठभागावरील असंख्य पेशी एकाच वेळी उद्दीपित झाल्या म्हणजे जो क्षीण विद्युत्-दाब निर्माण होतो, तो कवटी ओलांडून टाळूवर पोहोचेपर्यंत व्होल्टच्या काही दशलक्षांशांइतकाच उरतो. म्हणून तंत्रज्ञाची पहिली सूचना साधी, पण आपल्याकडील घरांत अवघड असते: “ताई, उद्या बाळाच्या टाळूवर तेल घालू नका, डोकं शांपूनं धुऊन आणा, आणि झोप जरा कमी होऊ द्या.” रोज तेलाने टाळू भरणाऱ्या आजीला हे पटवणे हेही त्या तंत्रज्ञाचे काम. मग टेपने नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागील उंचवट्यापर्यंतचे अंतर मोजायचे, त्याच्या दहा आणि वीस टक्क्यांच्या हिशेबाने पेन्सिलीच्या खुणा करायच्या, प्रत्येक खुणेवरची त्वचा हलकेच घासून पेस्टच्या बिंदूवर धातूची वाटीसारखी टिकली बसवायची. आणि हे सारे हातपाय झाडणाऱ्या जिवावर, आईने पदराखाली घेऊन पाजता पाजता. मूल झोपले की तंत्रज्ञ दिवा मंद करतो आणि आलेखाला खरी सुरुवात होते.

निरोगी अर्भकाच्या झोपेचा आलेख पाहण्यासारखा असतो: मंद लहरींच्या पार्श्वभूमीवर मधूनमधून सेकंदाला बारा-चौदा आंदोलनांचे सुबक, चातीच्या आकाराचे पुंजके उमटतात, आणि मेंदूच्या पुढच्या-मागच्या भागांत एक सुसंगती दिसते. ‘हिप्सॅरिदमिया’त ही व्यवस्था पार मोडलेली असते. दोनशे मायक्रोव्होल्टहून मोठ्या, बेबंद, संथ लहरी एकमेकींवर चढतात, टोकदार शिखरे क्षणात कपाळाजवळ तर क्षणात मागे दिसतात, आणि रेषा एकमेकींत मिसळू नयेत म्हणून यंत्राची संवेदनक्षमता कमी करावी लागते. झटका आला की एक मोठी लहर उठते, आणि लगेच सारा आलेख काही क्षण जवळजवळ सपाट होतो. हा गोंधळ गाढ झोपेत ठळक होतो, जागेपणी पुष्कळदा फिका पडतो. म्हणूनच दहा मिनिटांचा जागेपणीचा आलेख नितळ आला एवढ्यावरून निश्चिंत होणे धोक्याचे असते. उलट काही मुलांत हा नमुना पुरता न दिसताही झटके खरे असतात.

१९५८ मध्ये बेल्जियमच्या सोरेल यांनी एसीटीएच या संप्रेरकाने काही मुलांचे झटके थांबतात असे दाखवले, आणि तेव्हापासून हे दुखणे सर्वस्वी हताशेचे राहिले नाही. आज एसीटीएचची इंजेक्शने, प्रेड्निसोलोनच्या मोठ्या मात्रा आणि व्हिगाबॅट्रिन ही मुख्य औषधे होत. मेंदूत व त्वचेत गाठी उत्पन्न करणाऱ्या ट्यूबरस स्क्लेरोसिसमध्ये तर व्हिगाबॅट्रिन विशेष गुणकारी ठरते. प्रत्येकाची किंमत असते: संप्रेरकांनी रक्तदाब आणि संसर्गाची भीती वाढते, व्हिगाबॅट्रिनने दृष्टीची कड आकसू शकते. जन्मवेळी प्राणवायू कमी पडणे किंवा पहिल्या दिवसांत रक्तातील साखर घसरणे ही आपल्या देशात आढळणारी प्रमुख कारणे आहेत, आणि त्यांपैकी पुष्कळशी टाळता येण्याजोगी आहेत. उपचारास जितका विलंब, तितके बाळाच्या पुढील वाढीचे नुकसान अधिक, हे नंतरच्या अभ्यासांनी पुन्हा पुन्हा दाखवले आहे.

म्हणून वर्षाच्या आतील मूल झोपेतून उठताना असे झटके मालिकेने देत असेल, तर मोबाइलवर त्याचे चित्रण करावे, दृष्ट काढण्यात दिवस घालवू नयेत, त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना ते दाखवावे, आणि झोपेतला ईईजी मागून घ्यावा.